गोंगाटाकडून पार्श्वसंगीताकडे : ग्रेम रेव्हेल

‘औद्योगिक संगीत’ म्हटले की पिंपरी-चिंचवडच्या माणसाला कारखान्यातील भजनी मंडळ आठवण्याचा संभव अधिक. पाश्चात्त्य संगीतात ही संज्ञा रूढ झाली ती लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या समूहाने १९७६ साली स्थापन केलेल्या ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’मुळे. यंत्राचा गोंगाट हेच तेथे संगीताचे द्रव्य होते.

या परंपरेतील ग्रेम रेव्हेलचा प्रवास विशेष विचार करावा असा आहे. या न्यूझीलंडच्या तरुणाने १९७८ साली सिडनीत नील हिलसमवेत ‘एसपीके’ हा समूह काढला. दोघेही मनोरुग्णालयात काम करीत. समूहाचे नावही हायडेलबर्गमधील मनोरुग्णांच्या एका समाजवादी संघटनेवरून घेतलेले. ‘लायखेनश्राय’ (१९८२) या ध्वनिमुद्रिकेत धातूवरचे आघात आणि विद्रूप केलेले मानवी आवाज श्रोत्याला कोठेही आधार देत नाहीत. चारच वर्षांनी ‘झामिया लेहमानी’मध्ये हाच माणूस मंद, प्रार्थनेच्या वळणाचे ध्वनी रचताना दिसतो. त्याच सुमारास त्याने कीटकांचे मुद्रित आवाज ‘फेअरलाइट’ या संगणकीय वाद्यावर चढवून त्यांचीच वाद्ये बनवली. पुढे ‘डेड काम’ (१९८९) या चित्रपटात श्वासोच्छ्वासाचा ताल झाला, आणि ‘द क्रो’नंतर (१९९४) हॉलिवूडमध्ये त्याचे आसन स्थिर झाले.

याला शरणागती म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. धातू, कीटक, श्वास : जे संगीत नव्हे त्यातून संगीत काढण्याची रीत अखेरपर्यंत तीच राहिली. हरवले ते निराळेच. ‘एसपीके’च्या गोंगाटाला कारण नव्हते, म्हणून तो श्रोत्याच्या अंगावर येई. चित्रपटात त्याला कारण मिळाले. भीती पडद्यावरच्या पात्राची झाली आणि प्रेक्षक सुटला.

असे संगीत आपल्याकडे का उपजले नाही? शेफील्डमध्ये ‘कॅबरे व्होल्टेअर’चा गोंगाट घुमत होता तेव्हा तेथील पोलाद उद्योग ओसरत होता. पिंपरी-चिंचवडला तेव्हा कारखाने नव्याने उभे राहत होते, आणि यंत्राची घरघर म्हणजे कायम नोकरीची आशा होती. ‘डेड काम’ आला त्याच १९८९च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. त्या घरांना धास्ती होती ती यंत्र थांबण्याची.