बिनतारी सेन्सर-जाळी : काटकसर आणि भरवसा

२००२ च्या उन्हाळ्यात बर्कलीच्या संशोधकांनी अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यालगत, ग्रेट डक बेटावर, पेट्रेल या समुद्रपक्ष्याच्या बिळांत आणि त्यांच्या आसपास ३२ छोटे सेन्सर-नोड बसवले. विणीच्या काळात माणसांची वर्दळ वाढली की हे पक्षी घरटे टाकून जातात. म्हणून बिळातले हवामान दुरूनच कळावे, हा हेतू. एका नोडला दोन पेन्सिल सेल. तेवढ्या शिदोरीवर महिने काढायचे आणि नोंदीही सुखरूप पोचवायच्या. या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने इथूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते, कारण पुढचे सगळे प्रश्न या बेटावर हजर आहेत.

ही ऊर्जा खाते कोण? मोजमाप किंवा आकडेमोड नव्हे, रेडिओ. पॉटी आणि कायझर यांनी २००० मध्ये दाखवले की एक हजार बिट शंभर मीटरवर पाठवण्याच्या ऊर्जेत साध्या प्रोसेसरवर सुमारे तीस लाख सूचना पार पडतात. त्याहून नवलाची गोष्ट ऐकण्याची. अनेक वर्षे प्रयोगशाळांतून वापरल्या गेलेल्या सीसी२४२० या चिपला पूर्ण शक्तीने बोलताना १७.४ मिलिॲम्पिअर लागतात, ऐकताना १८.८. कोणी बोलत नसताना कान उघडा ठेवणे ही खरी उधळपट्टी. एस-मॅक, बी-मॅक यांसारख्या पद्धती नोडला झोपवायला का धडपडतात, ते यावरून समजेल.

भरवसा हवा तर ऊर्जा जाळावी लागते, हा समज मात्र तपासून घ्यावा. दहा टप्प्यांची वाट धरा; प्रत्येक टप्प्यावर दहातली नऊ पॅकेट पोचतात. शेवटपर्यंत शंभरातली जेमतेम पस्तीस जातात, आणि वाटेत हरवलेल्या प्रत्येकावर आधीच्या टप्प्यांची ऊर्जा वाया गेलेली असते. पोच फक्त शेवटच्या नोडने द्यायची ठरवली, तर एक पॅकेट पोचवायला सरासरी जवळपास एकोणीस प्रक्षेपणे लागतात. तीच पोच दर टप्प्याला घेतली, तर अकरा. पोचपावत्यांचा खर्च यात धरलेला नाही. तो धरल्यावर फरक किती उरतो, हे वाचकाने स्वतः मांडून पाहावे. योग्य जागी घेतलेली पोच हीच काटकसर आहे, ही या ग्रंथाची भूमिका.

हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांची २००० मधली, नोडांचे गट पाडणारी 'लीच' पद्धत सगळेच शिकवतात. गटप्रमुखाचे ओझे आळीपाळीने वाटण्याची तिची कल्पना सुंदर आहे. परंतु प्रत्येक नोडचा आवाज थेट मुख्य केंद्रापर्यंत जातो हे तिचे गृहीतक डोंगरात, ओल्या झाडीत टिकत नाही. केरळात मुन्नारजवळ दरडींची पूर्वसूचना देण्यासाठी अमृता विद्यापीठाने उभारलेले जाळे अशाच प्रदेशातले. आणि तिथे नोंदींची निकड सर्वांत जास्त असते ती ऐन पावसात.

म्हणून पहिले प्रकरण उघडण्याआधी दोन नोड घ्या. मधे एक भिंत, एखादे झाड येऊ द्या, आणि दिवसभर किती पॅकेट हरवतात ते तासागणिक लिहून ठेवा. तो तक्ता शेजारी असू द्या. तिसऱ्या प्रकरणातली समीकरणे त्याच्याशी ताडून पाहायची आहेत.