तळटीप १२ : सेक्वोया राज्य
१२. अमेरिकेच्या संघराज्यात कधीच दाखल न झालेले राज्य. नाव चेरोकी लिपीचा कर्ता सेक्वोया याच्यावरून. १८३०च्या कायद्यानंतर चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक व सेमिनोल या जमातींना आग्नेयेकडील मायभूमीतून हुसकावून मिसिसिपीपलीकडे ‘इंडियन टेरिटरी’त धाडले. तो मुलूख कोणत्याही राज्यात घातला जाणार नाही, असे करारांत लिहून दिले होते. पश्चिमेकडचा भाग १८८९पासून गोऱ्या वसाहतकारांना खुला झाला. उरलेल्या पूर्वभागाचे वेगळे राज्य व्हावे म्हणून १९०५मध्ये मस्कोगी येथे घटना तयार झाली. मतदारांनी ती मोठ्या बहुमताने स्वीकारली. वॉशिंग्टनने मान्यता दिली नाही. हा उघड विश्वासघात होता. दोन्ही भाग जोडून १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा हे ४६वे राज्य झाले. — संपा.