नाव कोणते ठेवावे? ख्रिस्ती नावांचा उगम आणि अर्थ

स्नानसंस्काराच्या विधीचा आरंभ होतो तो बाळाच्या नावाने. बाळाचे नाव काय ठेवले आहे, हा प्रश्न धर्मगुरू माता-पित्यांना प्रारंभीच विचारतात. मात्र या प्रश्नाचे उत्तर ठरविताना अनेक कुटुंबांत मतभेद होतात. आजी-आजोबांना संतांचे नाव हवे असते, तर तरुण माता-पित्यांना आपल्या मातृभाषेतील अर्थपूर्ण नाव आवडते. मराठी नाव ठेवल्यास ख्रिस्ती ओळख पुसली जाईल, अशी भीतीही व्यक्त होते. म्हणूनच आपली परंपरागत नावे आली कोठून, त्यांचा अर्थ काय आणि ख्रिस्तसभा याविषयी काय सांगते, याचा आम्ही येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

पवित्र शास्त्रातील नावे

बायबलमधील अनेक हिब्रू नावे म्हणजे छोटी वाक्येच होत. योहान म्हणजे 'परमेश्वर कृपाळू आहे'. मीखाएल म्हणजे 'देवासारखा कोण आहे?' मत्तय म्हणजे 'परमेश्वराची देणगी'. इम्मानुएल म्हणजे 'आम्हांबरोबर देव'. योसेफ या नावात आणखी एका पुत्रासाठी राहेलने केलेली विनवणी आहे (उत्पत्ती ३०:२४). आपल्या प्रभूचे येशू हे नाव तर 'परमेश्वर तारण करतो' असा शुभसंदेशच देते (मत्तय १:२१).

पवित्र शास्त्रात नाव बदलणे म्हणजे नवे कार्य सोपविणे होय. अब्रामाचा अब्राहाम झाला (उत्पत्ती १७:५) आणि शिमोनाला प्रभूने केफा, म्हणजेच खडक, असे नाव दिले (योहान १:४२). त्याच केफा शब्दाचे ग्रीक रूप पेत्र. पौलाविषयी मात्र एक गैरसमज आढळतो. धर्मांतरानंतर त्याचे नाव बदलले असे नव्हे. शौल हे यहुदी आणि पौल हे रोमन, अशी दोन्ही नावे त्याला होती (प्रेषितांची कृत्ये १३:९). दोन संस्कृतींतील दोन नावे एकाच प्रेषिताला शोभून दिसली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक नावे

स्तेफन हे ग्रीक नाव. त्याचा अर्थ मुकुट. मार्गारेट म्हणजे मोती, आयरिन म्हणजे शांती, अॅग्नेस म्हणजे निर्मळ. लॅटिन भाषेतून फेलिक्स (आनंदी), व्हिक्टर (विजयी), बेनेडिक्ट (आशीर्वादित) आणि क्लारा (उज्ज्वल) ही नावे आली. रॉबर्ट, बर्नार्ड, आल्बर्ट ही जर्मानिक वंशांची नावे असून त्यांत कीर्ती, शौर्य व कुलीनता यांचा गौरव आहे. झेवियर हे तर मुळात व्यक्तीचे नावच नव्हते. ते संत फ्रान्सिस यांच्या घराण्याच्या गढीचे नाव; बास्क भाषेत त्याचा अर्थ 'नवे घर'.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात येते. आज आपण ज्यांना निःसंशय ख्रिस्ती म्हणतो, अशी काही नावे मुळात अन्य दैवतांची होती. मार्टिन हे नाव मार्स या रोमन युद्धदेवतेवरून, तर इसिदोर हे 'इसिस देवीची देणगी' या अर्थाने आलेले आहे. डायोनिशिअस हे नाव ग्रीकांच्या मद्यदेवतेवरून आले. तरीही त्याच नावाचा अथेन्समधील गृहस्थ पौलाचा उपदेश ऐकून विश्वासू झाला (प्रेषितांची कृत्ये १७:३४). आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी अशी नावे टाकून दिली नाहीत. त्यांच्या पवित्र जीवनाने ती नावेच पवित्र झाली.

नावांचा प्रवास

नावे देशोदेशी गेली आणि तेथील भाषेची झाली. एका योहानाचे इंग्रजीत जॉन, स्पॅनिशमध्ये हुआन, फ्रेंचमध्ये झाँ, इटालियनमध्ये जोव्हान्नी, रशियनमध्ये इव्हान झाले. कोकणातील बेने इस्राएल बांधवांनी अब्राहामाचे अब्राजी आणि शमुवेलाचे समाजी केले. अरबी भाषक ख्रिस्ती लोकांत अब्दुल मसीह, म्हणजे 'ख्रिस्ताचा सेवक', हे नाव आढळते. इथिओपियातील हायले सेलासी या नावाचा अर्थ 'त्रैक्याचे सामर्थ्य' असा आहे.

वसई परिसरात पोर्तुगीज अमलात (१५३४ ते १७३९) युरोपीय नावे रुजली. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे पूर्वपद 'युद्ध' या अर्थाच्या जर्मानिक शब्दापासून आलेले आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे शस्त्राविना क्रूसावर प्राणार्पण करणाऱ्या या हुतात्म्याने त्या नावाला वेगळाच अर्थ दिला.

ख्रिस्तसभेचा नियम

ट्रेंटच्या विश्वपरिषदेनंतर १५६६ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने संतांचे नाव ठेवण्याचा उपदेश केला. १९१७ च्या धर्मसंहितेतील कलम ७६१ अन्वये ख्रिस्ती नाव देण्याची दक्षता धर्मगुरूंनी घ्यावयाची होती. पालकांनी न मानल्यास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावयाची होती. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ८५५ मध्ये हा नियम सौम्य झाला. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये, एवढीच काळजी आईवडील, धर्ममाता-पिता व धर्मगुरू यांनी घ्यावी, असे हे कलम सांगते. संतांचे नाव, ख्रिस्ती रहस्याचे नाव अथवा सद्गुणाचे नाव, हे तिन्ही मार्ग कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने मोकळे ठेवले आहेत.

भारतभूमीतील साक्ष

नीलकंठ पिल्लई यांचा १७४५ साली स्नानसंस्कार झाला, तेव्हा त्यांना लाझरस हे नाव मिळाले. त्याचा अर्थ 'देवाने साहाय्य केले'. तमिळमध्ये तेच नाव देवसहायम झाले आणि १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच भारतीय नावाने त्यांना संतपद बहाल केले. महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट पंथीयांपैकी पंडिता रमाबाई यांनी १८८३ साली 'मेरी रमा' असे जोडनाव स्वीकारले, तर कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही आपले नाव कायम ठेवले.

तेव्हा माता-पित्यांनी नावाचा केवळ नाद न पाहता अर्थही पाहावा. मत्तय, थिओडोर आणि देवदत्त या तिन्ही नावांचा आशय एकच आहे. फेलिक्स म्हणजे आनंद, व्हिक्टर म्हणजे विजय, क्लारा म्हणजे उज्ज्वला. विश्वास, आशा, प्रीती ही तर पौलाने गौरविलेली त्रयीच आहे (१ करिंथ १३:१३). ज्यांना दोन्ही वारसे जपावयाचे आहेत, त्यांनी मराठी नावाला संताचे नाव जोडावे आणि त्या संताचा सण दरवर्षी घरी साजरा करावा. संताचे नाव ठेवून त्याचे चरित्र मुलाला कधीच न सांगणे, ही खरी हानी होय.

देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो. ती हाक ओळखण्यास आपण आपल्या मुलांना शिकवावे, हीच आमची प्रार्थना.