मेलेल्या जंतूंचा ताप

१० जानेवारी १८९७. मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या आपल्या छोट्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. लशीत प्लेगचेच जंतू होते, पण उष्णतेने मारलेले. तरीही त्यांना सडकून ताप भरला. जंतू मेलेले, मग ताप कशाचा?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर ज्यांच्यापाशी होते ते रिचर्ड फायफर त्याच वर्षी जर्मन प्लेग आयोगाबरोबर मुंबईत आले, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत पटकीच्या जंतूंवर काम करताना फायफर यांना दिसले होते, की उष्णतेने मारलेले जंतूही गिनीपिगचा जीव घेतात. म्हणजे हे विष जंतू बाहेर सोडत नाही, ते त्याच्या अंगातच असते आणि उष्णतेला दाद देत नाही. त्याला नाव मिळाले ‘एंडोटॉक्सिन’. आपण अंतर्विष म्हणू. हाफकिन यांच्या तापातही त्याचा वाटा असणारच.

पुढे कळले, की हे विष म्हणजे जंतूच्या बाह्य आवरणातले मेद आणि शर्करा यांचे जोडरेणू. गंमत अशी, की ते स्वतः फारसे काही जाळत-पोळत नाहीत. मग प्राणी मरतो कशाने?

उलगडा केला उंदरांनी. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतल्या एका वाणाचे उंदीर अंतर्विषाची जीवघेणी मात्रा सहज पचवतात, हे १९६०च्या दशकात ध्यानात आले. भाग्यवान म्हणावेत, तर खरेखुरे साल्मोनेला जंतू शिरले की हेच उंदीर झटपट दगावत! डॅलसमध्ये ब्रूस ब्यूटलर यांनी पाच वर्षे खपून १९९८मध्ये त्यांचा बिघडलेला जनुक शोधला : टीएलआर-४. याच्याच नात्यातला ‘टोल’ जनुक फळमाशीला बुरशीपासून वाचवतो, हे स्ट्रासबुर्गच्या ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६मध्ये दाखवले होते. दोघांना २०११चे नोबेल मिळाले.

टीएलआर-४ हा मॅक्रोफेज या भक्षक पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरचा पहारेकरी. अंतर्विषाचा मेदाचा भाग त्याला चिकटला, की पेशीच्या आत संदेश जातो आणि ती टीएनएफसारखी रसायने रक्तात सोडते. थोडी सुटली तर ताप येतो, इतर पेशी धावून येतात, जंतू आटोक्यात राहतात. बेसुमार सुटली तर रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो. जीव घेते ती आपलीच आरोळी. त्या उंदरांच्या पेशींना विष ओळखूच येत नव्हते, म्हणून ते विषातून वाचत आणि जंतूंना बळी पडत.

आणि प्लेगचा जंतू? तो बिलंदर निघाला. पिसवेच्या थंड शरीरात असताना त्याच्या आवरणातल्या मेदाला सहा शेपट्या असतात, त्या आपला पहारेकरी चटकन ओळखतो. माणसाच्या ३७ अंश उष्णतेत जंतू चारच शेपट्यांचा मेद बनवतो, आणि पहारेकरी गप्प राहतो. २००६मध्ये संशोधकांनी प्लेगच्या जंतूत फेरफार करून ३७ अंशांनाही सहा शेपट्या ठेवायला लावल्या. त्या जंतूने उंदीर मरेनात.