डीएनए आणि जिवाणूंचा कॉम्प्युटर म्हणजे काय?

समजा काही शहरं एकेरी रस्त्यांनी जोडलेली आहेत. पहिल्या शहरातून निघून ठरलेल्या शेवटच्या शहरात पोहोचायचं, पण प्रत्येक शहरात एकदाच जायचं. असा मार्ग आहे का? याला हॅमिल्टोनियन पाथ प्रॉब्लेम म्हणतात. शहरं वाढली की शक्यता इतक्या भराभर वाढतात की मोठे कॉम्प्युटरही हात टेकतात.

डीएनएने उत्तर कसं काढलं?

१९९४ मध्ये लिओनार्ड ॲडलमन (आरएसए एन्क्रिप्शनमधला 'ए' म्हणजे हेच) यांनी सात शहरांचं असं कोडं टेस्ट ट्यूबमध्ये सोडवलं. प्रत्येक शहराला त्यांनी २० अक्षरांचा डीएनए तुकडा दिला. रस्त्याच्या तुकड्यात निघायच्या शहराची शेवटची १० आणि पोहोचायच्या शहराची पहिली १० अक्षरं ठेवली. डीएनएमध्ये ए-टी आणि सी-जी अशा जोड्या जमतात. त्यामुळे शहरांचे पूरक तुकडे मिसळल्यावर रस्ते आपोआप एकमेकांना जोडले गेले आणि असंख्य मार्ग एकाच वेळी तयार झाले.

पुढचं काम चाळणीचं. सुरुवात आणि शेवट बरोबर असलेले, १४० अक्षरं लांब आणि सातही शहरं असलेले रेणू तेवढे ठेवले. मार्ग झटपट तयार झाले, पण लॅबमधल्या या कामाला साधारण सात दिवस लागले!

मग जिवाणू कशाला?

२००९ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिडसन कॉलेज आणि मिसुरी वेस्टर्न स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमने तीन शहरांचं कोडं ई. कोलाय जिवाणूंकडून सोडवून घेतलं. लाल आणि हिरवा प्रकाश देणारी जनुकं त्यांनी तोडली. हिन नावाचं एन्झाइम हे तुकडे उलटसुलट करतं. क्रम बरोबर जुळला की दोन्ही जनुकं पूर्ण होतात आणि जिवाणूंची वसाहत पिवळी चमकते. म्हणजे उत्तर चक्क रंगात दिसतं! शिवाय जिवाणू स्वतःच्या प्रती स्वतःच बनवतात, त्यामुळे प्रोसेसर आपोआप वाढत जातात.

मग हे लॅपटॉपची जागा घेणार का?

नाही. इथे वेळ वाचतो, पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. ॲडलमन यांच्या पद्धतीने २०० शहरांचं कोडं सोडवायचं तर पृथ्वीच्या वजनापेक्षा जास्त डीएनए लागेल, असं युरिस हार्टमानिस यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. शक्यता एकाच वेळी तपासल्या तरी त्यांची संख्या काही कमी होत नाही.

म्हणून या तंत्राची खरी ताकद वेगळ्या ठिकाणी आहे: जिथे सिलिकॉन चिप पोहोचत नाही, त्या जिवंत पेशीच्या आत 'हे असेल तर ते कर' असा साधा निर्णय घेणं.