पत्त्यावरून नाव : रिव्हर्स डीएनएसमधील साचे

इंटरनेटवरील संगणक परस्परांना आकड्यांच्या आयपी पत्त्याने ओळखतात. माणसांना मात्र नावे सोयीची वाटतात. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधणारी 'डोमेन नेम सिस्टिम' अर्थात डीएनएस मांडली. याच व्यवस्थेत पत्त्यावरून नाव शोधण्याचीही सोय आहे. तिला 'रिव्हर्स डीएनएस' म्हणतात.

त्यासाठी पत्त्यातील आकडे उलट क्रमाने लिहून पुढे 'इन-अ‍ॅडर.अर्पा' जोडतात. उदाहरणार्थ, १९२.०.२.२५ चा शोध '२५.२.०.१९२.इन-अ‍ॅडर.अर्पा' येथे घेतला जातो. तेथील 'पीटीआर' नोंदीत संगणकाचे नाव मिळते. ही नोंद सहसा पत्त्यांचा गट ज्याच्या ताब्यात आहे, त्या सेवापुरवठादाराच्या हाती असते.

१९२.०.२ ने सुरू होणाऱ्या गटात २५६ पत्ते येतात. प्रत्येकाची नोंद हाताने लिहिणे किचकट आणि चुकांना आमंत्रण देणारे असते. त्यामुळे 'ग्राहक-१९२-०-२-२५' यांसारख्या नावांचा साचा ठरविला जातो. 'बाइंड' या प्रणालीतील 'जनरेट' आज्ञेच्या एका ओळीत अशा सर्व नोंदी तयार होतात. आयपीव्ही-६ मध्ये तर साच्याला पर्यायच उरत नाही. तेथे एका सर्वसाधारण उपजाळ्यातच २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. ते साठविणे अशक्य असल्याने 'नॉट डीएनएस'सारख्या प्रणाली विचारणा होताच साच्यावरून उत्तर रचून देतात.

ही सोय मेल सर्व्हरच्या बाबतीत अंगाशी येऊ शकते. साच्यातील नाव दिसले की ते घरगुती जोडणीचे असावे, असे अनेक मेल सर्व्हर गृहीत धरतात आणि तेथून आलेला ई-मेल नाकारतात. परिणामी, एखाद्या कार्यालयाचे देयक वा निविदा ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. जीमेलच्या नियमांनुसारही मेल पाठविणाऱ्या पत्त्याची पीटीआर नोंद हवी आणि तिच्यातील नावाने पुन्हा तोच पत्ता मिळायला हवा.

म्हणून मेल सर्व्हरचा पत्ता साच्यातून वगळून त्याची स्वतंत्र नोंद करावी लागते. 'बाइंड'मध्ये 'जनरेट'ची मर्यादा त्या आकड्यापाशी तोडावी लागते. अन्यथा एकाच पत्त्याला दोन नावे चिकटतात. स्वतःचा मेल सर्व्हर चालविणाऱ्यांनी स्थिर पत्ता घेताना सेवापुरवठादाराकडे ही स्वतंत्र नोंद आवर्जून मागावी.