पूरकुरणांची माती आणि तिच्यातील जीवसमूह : एक ऐतिहासिक विचार

ओल्या कुरणांच्या मातीतील प्राणिजीवनाचा अभ्यास करताना आर्द्रता, आम्लता, सेंद्रिय द्रव्य इत्यादी वर्तमान घटकांची नोंद सामान्यतः प्रथम घेतली जाते. परंतु ती जमीन पूर्वी कोणत्या ऋतूत व किती काळ पाण्याखाली राहत आली, हा प्रश्नही तितक्याच महत्त्वाचा होय. पूर्व इंग्लंडमधील फेन प्रदेशाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

सतराव्या शतकापूर्वी हा सखल प्रदेश बव्हंशी दलदलीचा होता. मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार आणि उन्हाळी चराई यांवर तेथील पुष्कळ लोकांचा निर्वाह चाले. १६३० मध्ये बेडफर्डच्या चौथ्या अर्लने त्याचा निचरा करण्याचे काम अंगावर घेतले व ते डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्म्युडेन याच्याकडे सोपविले. १६३७ पर्यंत ईरिथपासून डेनव्हरच्या दिशेने सुमारे २१ मैल लांबीचा सरळ कालवा तयार झाला. यादवी युद्धामुळे खंडित झालेले काम पुढे पुन्हा सुरू होऊन १६५१ मध्ये त्यास समांतर असा दुसरा कालवा पूर्ण करण्यात आला. दोहोंमधील अरुंद पट्टा पुराचे जादा पाणी सामावून घेण्यासाठी मोकळा ठेवला गेला. हाच ‘ऊझ वॉशेस’ होय.

या योजनेमुळे एकमेकींलगतच्या जमिनींना दोन भिन्न इतिहास लाभले. कालव्यांबाहेरील भूमी नांगराखाली आली. तेथील पीटमय माती वाळून व कुजून खचत गेली. मधला पट्टा मात्र हिवाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात गुरांच्या चराईखाली, अशा क्रमाने कुरणच राहिला.

मातीतील प्राण्यांचे महत्त्व शास्त्रज्ञांच्या ध्यानी येण्यास यानंतर बराच काळ जावा लागला. डार्विनने गांडुळांच्या कार्याविषयी १८३७ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे निबंध वाचला आणि १८८१ मध्ये त्याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पेरिए याने मोठी गांडुळे सुमारे चार महिने पूर्णपणे पाण्यात बुडवून जिवंत ठेवली होती, याचा उल्लेख त्या ग्रंथात आढळतो. यावरून पुराने गांडुळांचे फारसे नुकसान होत नसावे, असे अनुमान कोणीही सहज करील.

हे अनुमान अपुरे आहे, हे इंग्लंडमधील सखल ओल्या कुरणांसंबंधी ऑस्डन, सदरलंड व जेम्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून दिसून येते. पूर न येणाऱ्या कुरणांच्या मातीत सामान्य गांडुळे व टिप्युलिडी कुळातील माश्यांच्या अळ्या विपुल होत्या. दीर्घकाळ हिवाळी पूर सोसलेल्या कुरणांत एकंदर जीवभार पुष्कळ कमी होता आणि तो मुख्यतः अर्धजलचर गांडुळांच्या मोजक्या जातींचा होता. मातीतच कोंडून ठेवल्यास बहुतेक जातींची गांडुळे निदान १२० दिवस पाण्याखाली तग धरीत. परंतु पूर्वी कोरड्या असलेल्या कुरणात पाणी सोडताच बहुसंख्य गांडुळे माती सोडून जात. पाण्यात जगण्याची क्षमता आणि तेथे वसतीस राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या भेदाचे व्यावहारिक परिणामही गंभीर आहेत. ब्रिटनमधून एकोणिसाव्या शतकात नियमित प्रजोत्पादन थांबलेला काळ्या शेपटीचा गॉडविट १९५२ मध्ये ऊझ वॉशेसमध्ये पुन्हा घरटी करू लागला. असे पक्षी लांब चोचीने मातीतील जीव टिपतात. त्यांच्यासाठी कोरड्या कुरणांत पुन्हा पाणी खेळविण्याचा उपाय सुचविला जातो. पाण्याने माती मऊ होते व गवत खुरटे राहते, हे खरे. परंतु त्याच पाण्याने पक्ष्यांचे भक्ष्यही घटते. म्हणून पूर न येणारी कुरणे, हिवाळी पुराची कुरणे आणि उथळ डबकी यांचे मिश्रण त्या संशोधकांनी इष्ट मानले आहे.

सारांश, कुरणात पाणी परत आणता येते. परंतु तेवढ्याने त्या पाण्याशी शतकानुशतके जुळवून घेतलेला जीवसमूह तत्काळ निर्माण होत नाही. यास्तव कुरणाच्या पुनरुज्जीवनाची योजना आखणाऱ्याने मातीच्या नमुन्याबरोबर त्या भूमीच्या निचऱ्याचा इतिहासही तपासणे अगत्याचे आहे.